फिल्मसारखं दिसायला हवं असेल तर ग्रेन सगळ्यात शेवटी

चाळीच्या गॅलरीत टांगलेला साधा पिवळा बल्ब घ्या, टंगस्टनच्या तारेचा. तो रात्री फिल्मवर टिपला तर मधोमध पांढरा, त्याभोवती फिकट पिवळा, मग नारिंगी आणि सगळ्यात बाहेर जेमतेम कळणारा तांबूस, अशी त्याची चमक अंधारात विरत जाते. दिवा कुठे संपला आणि अंधार कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून सांगता येत नाही. हाच बल्ब जुन्या हँडीकॅमवर टिपला तर पांढरीफटक टिकली दिसते. टिकलीची कड सुरीने कापल्यासारखी, आणि कडेला लागून एक बारीक काळी रेघ.

बाहेरचा तो तांबूसपणा येतो कुठून? रंगीत निगेटिव्हमध्ये निळ्या प्रकाशाचा थर सगळ्यात वर, मध्ये हिरव्याचा आणि तळाशी लालचा. प्रखर प्रकाश हे तिन्ही थर पार करून फिल्मच्या पारदर्शक पट्टीत शिरतो, तिच्या मागच्या पृष्ठभागावरून उलटा फिरतो आणि परतताना त्याला आधी भेटतो तो लालचा थर. म्हणून वलय लाल. याला हॅलेशन म्हणतात. ते आवरण्यासाठी सिनेमाच्या निगेटिव्हला मागून रेमजेट नावाचा कार्बनचा काळा थर देण्याची पद्धत अनेक दशकं होती, त्यामुळे चांगल्या सिनेमात हे वलय अगदी बारीक असतं. इन्स्टाग्रामवर ट्यूबलाइटभोवती जो जाडजूड लाल धूर दिसतो तो सिनेस्टिल ८००टी या स्थिरचित्रणाच्या रोलमुळे लोकप्रिय झाला. तो रोल म्हणजे कोडॅकची ५००टी सिने-निगेटिव्हच, फक्त रेमजेट काढून टाकलेली. म्हणजे 'सिनेमाचा लुक' म्हणून जे जाड वलय लावलं जातं, ते टाळण्यासाठीच सिनेमावाल्यांनी तो थर दिला होता.

गडबड नेमकी इथेच होते. शॉर्ट फिल्म किंवा लग्नाचा व्हिडिओ 'फिल्मी' करायचा म्हटलं की पहिल्यांदा ग्रेन (फिल्मच्या कणांसारखा रवाळपणा) टाकतात, मग रेघा आणि धूळ, वरखाली काळ्या पट्ट्या, एखादा विकतचा लट (चित्राचे रंग बदलून देणारी तयार फाइल). तरी चित्र व्हिडिओच दिसतं. कारण डोळा आधी हालचाल ओळखतो, मग उजेड कसा मावळतो ते, मग रंग, मग कडा. ग्रेनचा नंबर या सगळ्यांनंतर लागतो. त्यातलं निम्म्याहून जास्त काम शूटिंगच्या वेळीच झालेलं असतं किंवा कायमचं बिघडलेलं असतं.

हालचालीपासून सुरुवात करू. १९२०च्या दशकाच्या अखेरीस सिनेमा बोलू लागला तेव्हा सेकंदाला २४ फ्रेम हा वेग पक्का झाला. कॅमेऱ्यातलं शटर म्हणजे फिरणारी अर्धी चकती. अर्धा वेळ उघडी, अर्धा वेळ बंद, म्हणजे प्रत्येक फ्रेमला १/४८ सेकंद प्रकाश मिळतो. हललेल्या वस्तूचा जो फराटा फ्रेममध्ये उमटतो तो या १/४८मुळे. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पॅल पद्धतीचा व्हिडिओ मात्र सेकंदाला ५० फील्ड (अर्ध्या फ्रेम) टिपायचा, आणि प्रत्येक फील्ड वेगळ्या क्षणाचं. सेकंदाला ५० क्षण दिसले की हालचाल लोण्यासारखी सरकते. बातम्या, क्रिकेटचे सामने, स्टुडिओतले कार्यक्रम आपण वर्षानुवर्षं याच चालीत पाहिले, त्यामुळे ती चाल दिसली की डोळा लगेच म्हणतो, हे टीव्हीवरचं आहे. रिझोल्यूशनचा इथे काही संबंध नाही. २००२मध्ये पॅनासॉनिकचा डीव्हीएक्स१०० आला तो साध्या मिनीडीव्ही टेपवरच चित्रण करायचा. पण त्यात सेकंदाला २४ पूर्ण फ्रेम मिळत होत्या, आणि तेवढ्यावर कमी पैशात सिनेमा करणाऱ्यांनी तो उचलून धरला.

आता मिरवणुकीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांपुढे आणा. भर दुपार, कॅमेरा ऑटोवर. उजेड जास्त म्हणून कॅमेरा शटर १/२०००वर नेतो. टिपरू ढोलावर आपटताना प्रत्येक फ्रेममध्ये गोठलेलं, काठ लख्ख. अशा २५ गोठलेल्या फ्रेम एकापाठोपाठ आल्या की हालचाल खडखडते, टिपरू इथून गायब होऊन तिथे उगवतं. १/५०वर तेच टिपरू पंख्यासारखं पसरतं आणि घाव बसल्यासारखा वाटतो. हा फराटा नंतर सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो, पण वाजवणाऱ्याची बोटं आणि टिपरू एकमेकांवरून गेले की हिशेब चुकतो आणि बोटं वितळल्यासारखी दिसतात.

उपाय एकच, एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे लावायची उजेड कमी करणारी काळपट काच. किती स्टॉपचा, ते तोंडी काढता येतं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). कडक उन्हात आयएसओ (संवेदनशीलता) १००, शटर १/१०० आणि एफ १६ (लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं ते मोठं) हे एक्सपोजर ढोबळमानाने बरोबर येतं. शटर १/५०वर आणलं की एक स्टॉप जास्त. लॉगमध्ये (उजेड-सावलीचा मोठा पल्ला साठवणारं, फिकट दिसणारं चित्रण) काम करायचं तर अनेक कॅमेऱ्यांत मूळ आयएसओ ८०० असतो, म्हणजे आणखी तीन. लेन्स एफ ५.६ ठेवली की आणखी तीन. एकूण सात स्टॉप, म्हणजे २.१चा एनडी (दर ०.३ला एक स्टॉप). एफ २.८च हवं असेल तर नऊ स्टॉप, २.७. बाजारातला 'एनडी८' फक्त तीन स्टॉपचा असतो, तो लावून दुपारी काही भागत नाही. व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण वाइड लेन्सवर शेवटच्या टोकापर्यंत फिरवला की आकाशात काळा फुलीसारखा डाग येतो. आणि फार गडद एनडी दिसणारा प्रकाश अडवतो, अवरक्त किरण मात्र जाऊ देतो. सेन्सर ते टिपतो आणि काळा कोट, काळी पँट विटकरी दिसायला लागते. पाच-सहा स्टॉपच्या पुढे अवरक्त किरणही अडवणारा आयआरएनडीच घ्या.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेमला शटर १/५० ठेवलं की पट्टे येत नाहीत. २४ फ्रेमला शटर अंशांत मोजत असाल तर १८० नव्हे, १७२.८ अंश ठेवा, तेही १/५०च होतं. थिएटरसाठी डीसीपी (तिथे चालणारी डिजिटल प्रत) करायची असेल तर नेमक्या २४ फ्रेम घ्या, मेन्यूमधल्या २३.९८ नकोत. तो आकडा अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीतून आलेला आहे. फक्त यूट्यूब आणि लग्नाचं काम असेल तर २५ बरं पडतं. डिमरवरच्या स्वस्त एलईडीला मात्र हा हिशेब लागू नाही. तो मंद केला की वेगळ्याच वेगाने उघडझाप करतो. एक तर त्याला पूर्ण तेजावर ठेवून समोर जाळीचं कापड लावा, नाहीतर शटर बारीक बारीक हलवत मॉनिटरवरचे पट्टे स्थिरावतात का ते पाहा.

आणि २४ फ्रेमवर कॅमेरा हळू फिरवावा लागतो. चौकटीच्या एका कडेला असलेला खांब दुसऱ्या कडेला पोचायला साधारण सात सेकंद लागावेत, हा छायालेखकांचा जुना ठोकताळा आहे. त्याहून भरभर पॅन केलं की खांबाचे दोन-दोन खांब दिसतात. पात्राच्या मागोमाग पॅन करत असाल तर हा नियम सैल होतो, कारण प्रेक्षकाची नजर पात्रावर असते.

उजेडाबाबत फिल्म आणि सेन्सर यांचा स्वभाव अगदी उलटा. निगेटिव्हमध्ये सिल्व्हर हॅलाइडचे लहानमोठे स्फटिक असतात. मोठे स्फटिक थोड्या प्रकाशात जागे होतात, लहानांना जास्त प्रकाश लागतो, आणि एकदा जागा झालेला स्फटिक पुन्हा मोजला जात नाही. म्हणून प्रकाश वाढत गेला तरी निगेटिव्हचा गडदपणा हळूहळूच वाढतो आणि वरच्या टोकाला आलेख वाकून आडवा होतो. सेन्सरवरच्या पिक्सेलचं तसं नाही. दुप्पट प्रकाश, दुप्पट विद्युतभार, हे सरळ चालतं ते थेट काठोकाठ भरेपर्यंत. त्यापुढचं सगळं वाया. म्हणून निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश देण्याची रीत होती, ५०० एएसए संवेदनशीलतेची फिल्म ३२०ची समजून वापरायची. निगेटिव्हला प्रकाश कमी पडला की काळोख दुधाळ होतो आणि मोठाले दाणे दिसतात. डिजिटलवर जपायचं ते पांढऱ्याला.

नवरदेवाचा पांढरा सदरा हे याचं रोजचं उदाहरण. उन्हात सदऱ्याच्या चुण्या गेल्या आणि खांद्यावर सपाट पांढरं ठिगळ आलं, तर नंतरचं कुठलंही ग्रेडिंग (रंग-उजेडाची दुरुस्ती) त्या चुण्या परत आणत नाही. सोनीच्या एस-लॉग३मध्ये मधला करडा सुमारे ४१ टक्क्यांवर आणि कमाल मर्यादा सुमारे ९४ टक्क्यांवर असते. झेब्रा (ठरवलेल्या पातळीपुढच्या उजेडावर मॉनिटरवर पट्टे दाखवणारी सोय) त्याच्या किंचित खाली लावा आणि सदऱ्यावर पट्टे येणार नाहीत इतकाच उजेड आत घ्या. पण भीतीपोटी फार खाली उतरू नका, लॉगमधल्या सावल्यांत नॉइज, म्हणजे नको असलेले ठिपके, भरपूर असतो. करड्या कार्डावर बेतलेल्या एक्सपोजरपेक्षा एक स्टॉप जास्त, पण पांढरं शाबूत, ही जागा बहुतेक वेळा योग्य ठरते. खोलीत खिडकी जळत असेल तर एक्सपोजर पाडून चेहरा काळवंडवण्यापेक्षा खिडकीवर पातळ पडदा टाका आणि चेहऱ्याला दिवा द्या. फिल्मच्या काळातही खिडकीच्या काचेवर एनडीचा कागद चिकटवायचे.

जळणं तिन्ही रंगांत एकदम होत नाही, ही आणखी एक बाजू. पिवळ्या दिव्याखाली लाल चॅनेल आधी भरतो, हिरवा वाढतच राहतो, त्यामुळे कपाळावरची चमक पांढरी होण्याआधी पिवळी पडते आणि त्वचेवर डाग पडल्यासारखा दिसतो. आकाश जळताना निळा आधी संपतो, म्हणून सूर्याजवळ हिरवट निळा पट्टा येतो. मंडपातल्या गडद निळ्या एलईडी झोतदिव्यांखाली तर निळा चॅनेल ठार भरलेला असतो आणि नवरीच्या शालूवर नक्षीच उरत नाही. दिवेवाल्याला सांगून त्या निळ्यात थोडा पांढरा मिसळायला लावा. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक दुरुस्ती हीच.

रंगांकडे वळू. फिल्मवरचा रंग म्हणजे रंगद्रव्याचे थर, आणि रंगद्रव्य प्रकाश खातं. रंग जितका गडद तितका तो काळोखाकडे झुकतो. पडद्यावरचं कुंकू लालभडक दिसतं तसंच जडही दिसतं. व्हिडिओत सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं की लाल पेटतो, दिव्यासारखा उजळतो. 'फिल्मचे रंग' म्हणून जी ओढ असते ती मुख्यतः या जडपणाची, असं माझं मत आहे. दाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो आणायची साधी युक्ती अशी: नवा नोड (दुरुस्तीचा एक टप्पा) घ्या, त्याची कलर स्पेस एचएसव्ही (रंगछटा, सॅच्युरेशन, उजळपणा) करा, चॅनेल १ आणि ३ बंद करा, आणि गेनमधला हिरवा थोडा वाढवा. आता हिरवा म्हणजे सॅच्युरेशन. रंग गडद होतात पण उजळत नाहीत. रिझॉल्व्हच्या १९व्या आवृत्तीपासून कलरस्लाइस या साधनात डेन्सिटीची वेगळी कळच दिली आहे.

त्याच रिझॉल्व्हमध्ये कोडॅक २३८३ या प्रिंट फिल्मचा (जिच्यावर थिएटरात चालवायची प्रत काढत) लट फुकट मिळतो. तो बहुतेक जण चुकीच्या जागी लावतात. हा लट सिनेऑन लॉगमधलं चित्र येणार असं धरून बनवलेला आहे, जसं निगेटिव्ह स्कॅन करून मिळतं. त्याला तयार आरईसी ७०९ (टीव्हीच्या मानकातलं) चित्र दिलं तर काँट्रास्टवर काँट्रास्ट चढतो, सावल्या डांबरासारख्या होतात आणि चेहरे भाजल्यासारखे. आधी कलर स्पेस ट्रान्सफॉर्मचा नोड लावा. आत कॅमेऱ्याचं लॉग, बाहेर आरईसी ७०९ गॅमट आणि सिनेऑन फिल्म लॉग. लट त्याच्या पुढच्या नोडवर. एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्सची दुरुस्ती या दोन्हींच्या आधी. आउटपुटमध्ये चित्र तरीही जड वाटलं तर लट ५०-६० टक्क्यांवर ठेवायला हरकत नाही.

कडांचं काम त्यामानाने सोपं. बल्बभोवतीची ती काळी रेघ कॅमेरा मुद्दाम काढतो. व्हिडिओ कॅमेऱ्यातलं 'डिटेल' सर्किट प्रत्येक कडेला एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने काळी रेघ देतं, म्हणजे छोट्या टीव्हीवर चित्र चरचरीत दिसावं. मोठ्या पडद्यावर हीच रेघ साडीच्या काठाभोवती, केसांभोवती, विजेच्या तारांभोवती उभी राहते आणि ती नंतर पुसता येत नाही. डिटेल बंद करा किंवा शार्पनेस सर्वात खाली न्या. नॉइज रिडक्शनही कमीत कमी, नाहीतर चेहरा मेणाचा होतो. फिल्मवर बारीक तपशील हळूहळू मंदावत जातो. तसा मऊपणा हवा असेल तर जुनी मॅन्युअल लेन्स किंवा ब्लॅक प्रो-मिस्ट या चित्र मऊ करणाऱ्या फिल्टरचा १/८ पुरतो. १/४ लावला की प्रत्येक दिव्याला मोतीबिंदू झाल्यासारखं होतं.

मागचं सगळं धूसर करण्याचा सोस मात्र फिल्ममधून आलेला नाही. २००८मध्ये कॅननचा ५डी मार्क टू आला, ३६ मिमी रुंद सेन्सर स्वस्तात हाती आला, आणि सगळं एफ १.४वर चित्रित व्हायला लागलं. ३५ मिमी सिनेमाची चौकट साधारण २५ मिमी रुंद आणि लेन्स कितीतरी वेळा एफ ४ किंवा ५.६वर. १६ मिमीची चौकट तर जेमतेम १० मिमी, तिच्यात बरंच काही फोकसमध्ये असतं, तरी ती फिल्मसारखीच दिसते.

एवढं झाल्यावर ग्रेन. सेन्सरचे पिक्सेल एका जागी खिळलेले असतात. फिल्मचे कण प्रत्येक फ्रेमला नव्याने विखुरलेले असतात, त्यामुळे स्थिर भिंतसुद्धा किंचित जिवंत वाटते. म्हणून एकच स्थिर पोत चित्रावर चिकटवणं हा ग्रेन नव्हे, तो काचेवरचा मळ दिसतो. ग्रेन मधल्या करड्या छटांत जास्त आणि लख्ख पांढऱ्यात जवळपास नाही, असा हवा. क्रम असा ठेवा: आधी डीनॉइज, मग ग्रेड, मग चित्र अंतिम आकारात आणायचं, आणि शेवटी ग्रेन. ४केवर टाकलेला ग्रेन १०८०ला उतरवताना विरघळतो. यूट्यूबचं कॉम्प्रेशनही तो खातं आणि त्या जागी चौकोन उमटवतं, म्हणून काम १०८०चं असलं तरी ४के फाइल चढवलेली बरी, तिला बिटरेट जास्त मिळतो. थोड्या ग्रेनचा फायदाही होतो. ८ बिटमध्ये संध्याकाळच्या आकाशात जे पायऱ्या-पायऱ्यांचे पट्टे पडतात ते त्यात लपतात.

धूळ आणि रेघा घालायच्याच असतील तर निदान बरोबर रंगाच्या घाला. निगेटिव्हवर बसलेली धूळ पडद्यावर पांढरी दिसते, प्रिंटवरची काळी. रंगीत प्रिंटच्या वरच्या थरात किरमिजी रंगद्रव्य असतं, ते खरवडलं गेलं की रेघ हिरवी दिसते. आपल्या जत्रांतल्या तंबू थिएटरात प्रिंटा झिजेपर्यंत चालायच्या, त्यांवर अशा रेघांचा पाऊस असायचा. पण त्या झिजण्याच्या खुणा होत्या, छायालेखकाने टिपलेलं चित्र तसं नव्हतं. जुन्या ईस्टमनकलर प्रिंटांचा गुलाबीपणाही तसाच. त्यातलं निळसर रंगद्रव्य सगळ्यात आधी उडतं, उरतं ते गुलाबी. फिल्म कशी दिसते याचा नमुना डोळ्यांपुढे ठेवायचा तर निगेटिव्हवरून नीट स्कॅन केलेली, ग्रेन शाबूत ठेवलेली प्रत बघावी. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत जुन्या चित्रपटांचं असं काम झालं आहे. ऑनलाइन फिरणाऱ्या जुन्या मराठी चित्रपटांच्या प्रती बहुधा टीव्हीसाठी केलेल्या व्हिडिओवरून आलेल्या असतात. पॅल पद्धतीत २४ फ्रेमचा सिनेमा २५ने पळवायचे. १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपायचा आणि आवाजही वर चढायचा, काळी चारमधलं गाणं पांढरी सहाच्या जवळ जायचं. पेटीवर सूर लावून पाहिला की प्रत कुठून आली ते कळतं.

आणि एवढं सगळं करून चित्र घरच्या टीव्हीवर पाहायला जाता तेव्हा टीव्ही दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या फ्रेम घुसवतो आणि सिनेमाची पुन्हा मालिका होते. सोनीवर त्याला मोशनफ्लो म्हणतात, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर आधी ऑटो मोशन प्लस, आता पिक्चर क्लॅरिटी. ते बंद करा, किंवा टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तो निवडा, त्यात हे आपोआप बंद होतं. फोनवर तपासत असाल तर १२० हर्ट्झचा घ्या. त्यात २४ची प्रत्येक फ्रेम बरोबर पाच वेळा दिसते. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा येते, त्यामुळे तिथे पॅन अडखळला तर लगेच कॅमेऱ्याला दोष देऊ नका.